शनिवारचा चेंडू

दामूदादा तांडेलांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी तिचं वजन बघायचे. तळहातावर घ्यायचे, दोनदा वरखाली करायचे आणि आकडा सांगायचे. फोन असो, जेवणाचा डबा असो, कंपनीने दिवाळीला दिलेली काजूकतली असो, सगळ्यांना हाच नियम. एकदा माझी बहीण तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन मला भेटायला ऑफिसला आली, तर तिलाही त्यांनी घेतलं, दोनदा वरखाली केलं आणि म्हणाले, "चार किलो शंभर." बहिणीला राग आला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वजन केलं ते चार किलो ऐंशी भरलं. मी हे त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "दूध पाजायच्या आधी केलं असेल." तसंच केलं होतं.

आता असा माणूस मासळीबाजारात शोभतो असं कुणालाही वाटेल, पण दामूदादा आमच्याकडे सीनियर प्रोग्रामर होते. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे, त्यामुळे दिवसभर घरघर चालायची आणि आमच्या मॉनिटरवर करडी पूड बसायची. परदेशात कुणीतरी मोठ्या टीव्हीला जोडायच्या मशिनसाठी व्हिडिओ गेम बनवतं. त्यात गवताचं पातं न् पातं दिसतं, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. मग तोच गेम हातात धरून खेळायच्या छोट्या मशिनवर चालला पाहिजे असं कुणाच्या तरी मनात येतं. त्या छोट्या मशिनमध्ये जागा नावापुरती आणि ताकद त्याहून कमी. म्हणजे थ्री बीएचकेचं सामान वन-आर-केमध्ये लावायचं, आणि पाहुण्याला वाटलं पाहिजे की घर तेच आहे. हे काम आम्ही करायचो. टेस्टिंग माझ्याकडे होतं. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या. पहिला भाग मला उत्तम जमतो.

दामूदादा उत्तनजवळच्या पालीचे, कोळ्यांच्या घरातले. घरात होडी होती, ती धाकट्या भावाकडे गेली, कारण दामूदादांना बोट लागायची. कोळ्याच्या मुलाला बोट लागते ही पालीत चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. त्यांनी जमिनीवरचा धंदा धरला. भाईंदर पश्चिमेला टीव्हीवर खेळायच्या गेमच्या कॅसेटी दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथे बसले. कॅसेट उघडता उघडता आतलं कळायला लागलं, आतलं कळल्यावर बदलायची खाज सुटली. डिग्री वगैरे काही नाही. आमचे मालक केतनभाई क्लायंटला सांगायचे, "ही इज फ्रॉम ओल्ड स्कूल." त्यावर दामूदादा शांतपणे म्हणायचे, "स्कूल नववीपर्यंत."

मोठा गेम छोट्यात बसवायचा म्हणजे काय ठेवायचं हा प्रश्न नसतो, काय टाकून द्यायचं हा असतो. आमची शिकलेली पोरं सगळंच थोडं थोडं कमी करायला बघायची. दामूदादांना ते पटायचं नाही. "थोडं थोडं कमी केलं की सगळंच भिकार होतं," असं त्यांचं म्हणणं. होडीत पाणी यायला लागलं की अर्धा अर्धा मासा फेकत नाहीत, टोपलीच फेकतात. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी टाकून दे, मग रड." कुणी एखाद्या झाडासाठी किंवा ढगासाठी हळहळायला लागलं की हे वाक्य यायचं. रडायला ते पाच मिनिटं देतही असत.

तर हा क्रिकेटचा गेम आला. केतनभाईंनी पेढे वाटले. एकोणीस जणांच्या ऑफिसला वर्षभर पुरेल एवढं काम होतं. हे नीट झालं तर त्याच कंपनीचा पुढचा गेमही आम्हालाच मिळणार होता. नीट नाही झालं तर काय, हे केतनभाई बोलले नाहीत, पण दुसरं कुठलंच काम हातात नाही हे चहावाल्यालाही माहीत होतं.

दामूदादांनी पहिल्या आठवड्यात स्टेडियममधली चाळीस हजार माणसं उडवली. मूळ गेममध्ये प्रत्येक प्रेक्षक वेगळा होता, वेगवेगळा टाळ्या वाजवायचा. दामूदादांनी ऑफिसच्या पॅसेजमध्ये आमच्यातल्या बारा जणांना उभं करून फोटो काढले आणि तेच बारा जण स्टेडियमभर बसवले. लेगच्या बाजूला दर सातव्या खुर्चीत मी आहे. केतनभाई पांढरा शर्ट घालून आले होते, ते जरा जास्तच उठून दिसायचे. एकदा स्क्रीनवर बघून ते म्हणाले, "दामूभाई, मेरेको थोडा आगे बिठाओ." दामूदादा म्हणाले, "शेठ, तुम्ही अकराशे ठिकाणी बसलाय. त्यातली आवडेल ती जागा आपली समजा."

मग अंपायरच्या भुवया गेल्या. क्लायंटने विचारलं की भुवया कुठे आहेत. दामूदादांनी लिहून पाठवलं की अंपायरचे हात बघतात, भुवया कोण बघतं. क्लायंटचं चार दिवस उत्तर नाही, मग आलं की ठीक आहे. कॉमेंट्रीतली हवामानाची वाक्यं गेली. पॅव्हेलियनचं छप्पर गेलं, आणि खरं सांगते, तीन महिने खेळूनसुद्धा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकच वस्तू त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही, ती म्हणजे चेंडू. "ह्या खेळात बाकी सगळी सजावट हाय," ते म्हणायचे. "चेंडू दिसला तर खेळ हाय, नाय दिसला तर टोपी घालून उभं ऱ्हायचं."

अडचण अशी की छोट्या स्क्रीनवर खऱ्या मापाचा चेंडू दोन ठिपक्यांएवढा होतो. तो दिसत नाही. म्हणून तो जरासा मोठा करावा लागतो, इतपतच की खेळणाऱ्याला दिसावा पण मोठा केलाय हे कळू नये. किती मोठा, हे ठरवायला टेस्टिंगवाले असतात. म्हणजे मी असते. पण दामूदादांनी मला तोंडावर सांगितलं, "सुजाता, तुझे डोळे खोटं बोलतात. तू दिवसातनं दोनशे बॉल बघतेस. तुला ठाऊक असतं तो कुठनं येणार. ज्याला ठाऊक नाय त्याला दिसला पाहिजे."

"मग कुणाला दाखवणार?"

"आयला."

त्यांच्या आईला. जनाबाई तांडेल, पालीला राहणार, वय पंचाहत्तरच्या पुढे, क्रिकेट बघितलेलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी दामूदादा त्या आठवड्याचा गेम छोट्या मशिनमध्ये भरून घरी न्यायचे आणि आईच्या हातात द्यायचे. सोमवारी निकाल यायचा. त्यासाठी त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक लांब वही केली होती. शनिवारची तारीख, चेंडूचं माप, आणि पुढे आईचं मत. मत दोनच प्रकारचं असायचं. 'दिसला' किंवा 'न्हाय'.

मी बारा वर्षं टेस्टिंग करत होते. दोन सर्टिफिकेटं होती, त्यातलं एक फ्रेम केलेलं होतं. आणि माझ्यावर दर सोमवारी पालीहून निकाल. वर ते मशिन परत यायचं तेव्हा त्याला बोंबलाचा वास यायचा आणि ते पुसायचं कामही माझ्याकडे. मी सकाळभर कुणाशी बोलायचे नाही. दामूदादांच्या ते कधी लक्षात यायचं नाही, त्यामुळे फुकट जायचं.

एका शनिवारी मी म्हटलं, मी पण येते. बघू तरी ही काय परीक्षा आहे.

उत्तनच्या बसने गेले. पालीच्या गल्ल्या अशा की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. तांडेलांच्या ओट्यावर जनाबाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. हात असे चालले होते की माझं लक्षच हटेना, आणि नजर मात्र भलतीकडेच, गल्लीच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला. सोललेली एकीकडे, टरफल एकीकडे, एकही चूक नाही. मी मनात म्हटलं, याला म्हणतात सराव.

"आय, ही सुजाता. आमच्या ऑफिसातली. ही आमच्या चुका काढते," दामूदादांनी ओळख करून दिली.

"मग घरात काय करते?" जनाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, तेच करते. त्या हसल्या आणि चहा करायला उठल्या.

तेवढ्यात लांबून होड्या यायला लागल्या. मला तर पाण्यावर चार काळे डाग दिसत होते. जनाबाई आतूनच म्हणाल्या, "पैला देवजी हाय. मागनं आपला." दामूदादांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू तो देवजी त्यांनीच पाण्यात सोडला होता. "बघ. खिडकीतनं. असे डोळे तुझ्या टेस्टिंगमध्ये हायेत कोणाचे?"

चहा आला. जनाबाईंनी कप माझ्यासमोर ठेवला आणि किटलीतून ओतताना आपलं बोट कपाच्या आत धरलं. चहा बोटाला टेकला तेव्हा थांबल्या. कोळंबी सोललेलं बोट. मी दादरहून मिरा रोडला आले असले तरी माझी आई अजून पाणी उकळून गाळून पिते, त्यामुळे मला त्या चहात जंतूच दिसायला लागले. डोळे मिटून प्यायले. परत घरी जाऊन हे मी आईला रंगवून सांगितलं, हसलोसुद्धा.

मग परीक्षा झाली. दामूदादांनी मशिन आईच्या हातात दिलं. जनाबाईंनी ते जवळ धरलं, लांब धरलं, तिरकं केलं.

"माणूस दिसतो," त्या म्हणाल्या. "त्याची फळी दिसते. चेंडू कुटं हाय?"

"आला बघ, आय."

"कवा आला?"

"गेला पण."

"न्हाय दिसला रे. तुझा चेंडूच बारीक हाय."

दामूदादांनी वही उघडून 'न्हाय' लिहिलं. मला राहवलं नाही, मी हळूच म्हटलं, "दामूदादा, यांना चष्मा लागला असेल का?" ते चिडणारे नव्हते, पण तेव्हा चिडले. "चष्मा? आत्ता देवजीची होडी ओळखली ती कोणी, तू?" देवजी मला तर डागच दिसला होता.

पुढचे तीन महिने चेंडू वाढत गेला. दीडपट झाला, आय म्हणाली न्हाय. पावणेदोनपट, न्हाय. दुप्पट झाला त्या शनिवारी 'दिसला' आलं आणि दामूदादांनी सगळ्यांना सामोसे खायला घातले. दोन शनिवारांनी त्याच मापाला पुन्हा 'न्हाय' आलं. "त्या दिवशी ढगाळ होतं, परवा ऊन होतं, उन्हात स्क्रीन फिकट दिसते," दामूदादांनी कारण काढलं आणि चेंडू सव्वादोनपट केला. मी रीतसर तक्रार नोंदवली की चेंडू फार मोठा आहे. त्यांनी ती बंद केली आणि शेरा मारला, 'आय म्हणते छोटा आहे.' मी परत उघडली, त्यांनी परत बंद केली. असं नऊ वेळा झालं. पोरं म्हणायला लागली की आता हा चेंडू टाकायला बोलरला दोन हात लागतील.

पावणेतीनपट झाला तेव्हा केतनभाईंनी, मला न विचारता, तो गेम क्लायंटला पाठवून दिला. उत्तर त्याच दिवशी आलं. केतनभाई प्रिंट घेऊन आमच्या टेबलापाशी आले. त्यांचा चेहरा पांढरा होता, शर्टही.

"पूछ रहा है ये कौनसा स्पोर्ट है," ते म्हणाले.

पुढे लिहिलं होतं की चेंडूमागे तिन्ही स्टंप झाकले जातात, बॅट्समन बाद कशामुळे झाला ते कळत नाही. दहा दिवसांत नीट करून द्या, नाहीतर काम दुसऱ्या कंपनीला देऊ. केतनभाई खुर्चीत बसले. "दामूभाई, एकोणीस घर हैं," एवढंच बोलले. दामूदादा म्हणाले, "शेठ, छोटा केला तर दिसणार नाय. दिसला नाय तर गेम परत येईल. माझ्या आईचे डोळे..." केतनभाई उठून निघून गेले.

मी मात्र त्या दिवशी पेटले. बारा वर्षांची नोकरी एका म्हातारीच्या 'न्हाय'वर जाणार म्हणजे काय? मी दीडपटीपेक्षाही थोडा लहान चेंडू घातलेलं मशिन घेतलं आणि भाईंदर पश्चिमेला बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. जो भेटेल त्याला दाखवलं. रिक्षावाले, भाजीवाली, पेन्शनर काका, टोपल्या घेऊन उत्तनची बस पकडणाऱ्या दोन कोळणी, त्यातली एक जनाबाईंच्याच वयाची. प्रत्येकाला एकच विचारलं, बॉल दिखता है क्या. भाजीवाली म्हणाली, "दिखता है, पर ये मारता क्यूं नहीं?" कोळीण म्हणाली, "त्यात काय न दिसायला?"

मी जिने चढून वर आले. धाप लागली होती आणि आनंदही झाला होता, तो लपवत नाही. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तेरा जण, दामूदादा. तेराच्या तेरा जणांना लहान चेंडू दिसला. तुमच्या आईला सोडून अख्ख्या भाईंदरला दिसतोय."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं, मी काय बोलले ते.

दामूदादांनी ड्रॉवरमधून लाल वही काढली. शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून एकेक ओळ मागे जायला लागले. पावणेतीन, न्हाय. अडीच, न्हाय. अडीच, दिसला. सव्वादोन, न्हाय. दोन, न्हाय. दोन, दिसला. एकाच मापाला आधी 'दिसला' आणि मग 'न्हाय'. जो चेंडू मागच्या वेळी पास झाला तोच पुढच्या वेळी नापास कसा होतो, हा प्रश्न पहिल्यांदा टेस्टिंगवाल्याला पडायला हवा. मला दोन सर्टिफिकेटं असून पडला नव्हता. त्यांनी वही मिटली, तळहातावर घेतली, दोनदा वरखाली केली. आकडा सांगितला नाही. मग स्कूटरची चावी शोधायला लागले, ती त्यांच्या शर्टाच्या खिशातच होती.

"तू येतेस का?" त्यांनी विचारलं. मी गेले. स्कूटर त्यांना चालवता येईना, म्हणून रिक्षाने पालीला गेलो आणि जनाबाईंना घेऊन थेट डोळ्यांच्या दवाखान्यात.

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, माझ्याहूनही. त्यांनी जनाबाईंना विचारलं, "आजी, कधीपासून कमी दिसतंय?"

"मला सगळं दिसतं," जनाबाई म्हणाल्या. "याचा चेंडूच बारीक हाय."

"आणि होड्या?" मी मध्येच विचारलं. "देवजीची होडी कशी दिसली तुम्हाला?"

"दिसायला कशाला पायजे? इंजिनचा आवाज येतो ना. देवजीचा खोकतो, आपला खाकरतो." मग त्यांना आमचे चेहरे जाणवले असावेत. "मला कोनी इचारलंच न्हाय," त्या म्हणाल्या.

दामूदादांनी वही टेबलावर ठेवली आणि डॉक्टरना काय आहे ते सांगितलं. तारीख, माप, मत. डॉक्टरनी सगळी पानं वाचली. म्हणाल्या, "पेशंट विचारलं की सांगतात, असंच जरा वर्षभरापासून. इतकं तपशीलवार मला आजवर कुणी आणून दिलं नाही." मग तपासणी झाली. मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. पण साखर वाढून वाढून डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला होता, आणि साखर कधी तपासलीच नव्हती. डावा डोळा गेल्यात जमा होता. वहीत शेवटच्या दीड महिन्यात माप एकदम चढलं होतं, त्यावरून उजव्यातही आत्ताच रक्त उतरायला लागलंय असं डॉक्टर म्हणाल्या. आज आलात म्हणून त्यासाठी प्रयत्न करता येईल, इंजेक्शनं उद्यापासूनच.

दामूदादांनी वहीचं पहिलं पान उघडून पुढे केलं. "मी ह्या शनिवारी आणलं असतं तर?"

डॉक्टरनी तारीख बघितली. "डावाही वाचला असता बहुतेक," त्या म्हणाल्या. खोटं बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही.

रिक्षात मला तो चहा आठवत होता. कपातलं बोट. मी ते स्वच्छ पाहिलं होतं, दोन हातांवरून पाहिलं होतं, आणि मला जंतू आठवले. आंधळी होत चाललेली बाई चहा किती भरला ते बोटाने बघत होती आणि मी घरी जाऊन हसले होते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. ही चूक मला कुणी काढून दाखवली नाही, मीच काढली, आणि ती कुणाला कळवायची ते अजून कळलेलं नाही.

दामूदादा तीन दिवसांनी ऑफिसात आले. आले आणि चेंडू लहान केला, बसस्टॉपवर दाखवला होता त्याच मापाचा. हे करायला त्यांना एक मिनिट लागलं. गेम आठव्या दिवशी गेला, पास झाला, केतनभाईंनी परत पेढे वाटले. एकोणीस घरं वाचली. शेवटी गेममध्ये काम करणाऱ्यांची नावं येतात, त्या यादीत टेस्टिंगखाली पहिलं नाव जनाबाई तांडेल आहे आणि दुसरं माझं. क्लायंटने विचारलं होतं की ह्या बाई कोण, ह्यांच्याशी कधी बोलणं झालं नाही. दामूदादांनी उत्तर दिलं, "सीनियर." मी हरकत घेतली नाही.

पण ते पूर्वीसारखे राहिले नाहीत. कुणी काही टाकून द्यायचं का विचारलं की, "राहू दे," म्हणायचे. "थोडं ठेवून बघ," असंसुद्धा एकदा म्हणाले. वस्तूंची वजनं सांगणं बंद झालं. मी मुद्दाम त्यांच्या हातात डबा द्यायचे, ते नुसता टेबलावर ठेवायचे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरनी बजावलं होतं की हा डोळा आहे तेवढा टिकवायचा, दर आठवड्याला घरी बघत जा, जरा जरी कमी वाटलं तर त्याच दिवशी घेऊन या. एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं. पुढे केतनभाईंनी ठाण्याच्या बाजूला मोठी जागा घेतली. दामूदादा म्हणाले, "वरसाव्याच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास उभं ऱ्हायचं, आणि मधेच घरनं फोन आला तर?" त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी तसंच बगलेत मारून नेलं.

मागच्या वर्षी एका शनिवारी मी पालीला गेले. आमच्याकडे फुटबॉलचा नवा गेम आला होता आणि छोट्या स्क्रीनवर त्यातला चेंडू दिसतो की नाही यावर ऑफिसात भांडण चाललं होतं. मी मशिन पिशवीत टाकलं आणि उत्तनची बस पकडली. काय सांगून जायचं ते ठरवलं नव्हतं. सीनियरना दाखवायला आणलंय, एवढं मनात होतं.

गल्लीच्या तोंडाशी तीन स्कूटर आणि एक मोटरसायकल इंजिन बंद करून उभ्या होत्या. मला वाटलं अपघात झाला. एका स्कूटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "न्हाय ओ. शनिवार हाय. पाच मिनिटं." मी त्यांच्या मागे उभी राहिले.

ओट्यावर जनाबाई बसल्या होत्या, डाव्या डोळ्यावर तळहात झाकून. समोर गल्लीत दामूदादा उभे होते, हातात टेनिसचा चेंडू, बगलेत लाल वही. भिंतीला खडूने आकडे घातले होते, एकापासून पुढे, प्रत्येक पावलाला एक. दामूदादांनी चेंडू डोक्यावर धरला.

"दिसला?"

"दिसला."

ते एक पाऊल मागे गेले. "आता?"

"दिसला."

असं करत करत ते मागे येत होते, आमच्या बाजूला पाठ करून. पंधरा, सोळा, सतरा. गल्लीत कुणी हॉर्न वाजवला नाही. अठराव्या आकड्याखाली जुनी फिकट रेघ होती, बहुधा मागच्या शनिवारची. तिथे ते जरा जास्त वेळ थांबले.

"दिसला?"

"दिसला रे."

एकोणीस. ते पुन्हा थांबले. माझ्यापासून चार हातांवर होते, मानेवर घाम आलेला दिसत होता. ह्या वेळी त्यांनी हात वर केलाच नाही. चेंडू हळूच पाठीमागे घेतला, दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आता, आय? दिसला?"

मला कळलं ते काय करतायत. टेस्टिंगची ही सगळ्यात जुनी युक्ती आहे. आई आपलं मन राखायला हो म्हणत असेल, तर ती आत्ताही हो म्हणेल. जनाबाईंनी मान थोडी पुढे केली.

"आता काय दिसणार?" जनाबाई ओरडल्या. "पाठीमागं लपवलंस ना, मुडद्या. आणि त्या पोरीला कवाधरनं उभं केलंस, तिला ओट्यावर घे."

दामूदादांनी वळून माझ्याकडे बघितलं. चेंडू माझ्या हातात दिला, बगलेतली वही काढली, तळहातावर घेतली आणि दोनदा वरखाली केली.

"साडेतीनशे ग्रॅम," ते म्हणाले, आणि लिहायला पेन शोधू लागले.